अनामिकांच्या सभेचा पत्ता

श्रावकाच्या आचारधर्मात मद्यत्याग अगदी आरंभी येतो. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अष्टमूलगुण सांगताना पाच अणुव्रतांच्या जोडीला मद्य, मांस व मधु यांचा त्याग ठेवला. सप्तव्यसनांतही मद्यपान आहेच. यामुळे ‘आपल्यात दारू नाही’ असे मानण्याची समाजाला सवय जडली. दारू आहे, तिच्याविषयी बोलले जात नाही, इतकेच. मुलीचे लग्न ठरायचे असते, पेढीची पत सांभाळायची असते. मग ‘पित्ताचा त्रास आहे’ असे सांगून पाहुण्यांसमोर वेळ निभावली जाते आणि उपचार वर्षानुवर्षे लांबतो.

ज्या घराला नाव उघड होण्याची इतकी धास्ती असते, त्या घरासाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमस, अर्थात ए.ए. या मैत्रीसंघाची रचना विशेष सोयीची आहे. तिचा जन्मच एका शोधातून झाला. मे 1935 मध्ये बिल विल्सन हे न्यूयॉर्कचे गृहस्थ व्यवसायातील अपयश पदरी घेऊन अमेरिकेतीलच अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलात उतरले होते. दारू सोडून काही महिने झाले होते आणि समोर मद्यगृह खुणावत होते. आपल्यासारख्याच एखाद्या मद्यपीशी बोलल्याखेरीज निभाव लागणार नाही, हे ओळखून त्यांनी चर्चच्या यादीतील धर्मगुरूंना दूरध्वनी केले. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकांची गाठ पडली. डॉ. बॉब यांनी अखेरचा पेला घेतला तो 10 जून 1935 हा दिवस संस्थेचा स्थापनादिन मानला जातो.

सभेचे स्वरूप साधे असते. शाळेचा वर्ग किंवा चर्चची खोली आणि तास-दीड तासाचा वेळ. उपस्थित व्यक्ती केवळ पहिले नाव सांगून स्वतःचा अनुभव कथन करते. उपदेश नाही, उलटतपासणी नाही. ‘दारू सोडण्याची इच्छा’ ही सदस्यत्वाची एकमेव अट. प्रवेशशुल्क नसते. खर्चासाठी पिशवी फिरते, तीत ऐच्छिक रक्कम टाकायची; बाहेरच्यांची देणगी मात्र स्वीकारली जात नाही. दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसवण्याची हौस असलेल्यांना येथे वाव नाही!

बारा पायऱ्यांत ‘ईश्वर’ हा शब्द येतो आणि तेथे काही जैन बांधव अडखळतात. परंतु आपल्याला उमगेल त्या स्वरूपात ही शक्ती मानण्याची मुभा पायऱ्यांतच आहे. पंचपरमेष्ठींचे स्मरण करणारा श्रावक तेथे उपरा ठरत नाही. चौथ्या पायरीत स्वतःच्या गुणदोषांची नोंद करायची असते. दुकानातील मालसाठा मोजल्याविना धंदा टिकत नाही, हे तत्त्व व्यापारी घराला शिकवावे लागत नाही. पाचव्या पायरीत ते दोष दुसऱ्या माणसासमोर मान्य करायचे. आलोचनेचा संस्कार असलेल्याला तेही परके नाही.

सर्वांत उपयोगी साम्य काळाच्या मर्यादेत आहे. समंतभद्रांनी भोगोपभोगाच्या त्यागाचे दोन प्रकार सांगितले: ठरावीक काळापुरता तो नियम, आजन्म तो यम. घरची मंडळी घाईने मद्यपीला मुनिराजांसमोर नेतात आणि थेट यम घ्यायला लावतात. व्रत मोडते, त्याची शरम वाटते आणि ती शरम विसरण्यासाठी पुन्हा पेला हाती येतो. ए.ए.मध्ये ‘आजचा दिवस दारू नाही’ एवढेच ठरते. उद्या पुन्हा तेवढेच. हा नियमाचा मार्ग आहे आणि दुबळ्या क्षणी तोच पेलवतो.

सभा शोधणे अवघड नाही. ए.ए.चे भारतातील मुख्य सेवा कार्यालय मुंबईत असून संस्थेच्या संकेतस्थळावरून गावोगावच्या सभांची चौकशी करता येते. व्यसनमुक्तीसाठीच्या 14446 या शासकीय निःशुल्क क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. ‘खुल्या’ सभेला नातेवाईक व जिज्ञासूही बसू शकतात, ‘बंद’ सभा मद्यपींसाठीच असते. ओळखीचे कोणी भेटेल अशी भीती असल्यास शेजारच्या गावची सभा निवडावी अथवा ऑनलाइन सभेला बसावे. स्त्रियांना ही दुसरी वाट अधिक सोयीची पडते. एका सभेवरून मत बनवू नये. प्रत्येक समूहाची धाटणी निराळी असते. सभा बहुधा सायंकाळी असतात, म्हणून चौविहार पाळणाऱ्याने आधीच भोजन उरकावे.

मात्र सभा म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर पहिल्या काही दिवसांत कंप, आकडी किंवा भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. त्यामुळे आधी डॉक्टरांना भेटावे. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात दाखल होण्याचाही मार्ग आहे. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील पुड्या आमटीत कालवणे हा तर निव्वळ अविचार होय. दारूबरोबर पोटात गेल्यास घातक ठरणारी औषधे असतात, आणि ज्याला ती दिली त्याला त्याचा पत्ताही नसतो.

घरच्यांसाठी अल-अनॉन हा स्वतंत्र संघ आहे. बिल यांच्या पत्नी लॉइस विल्सन यांनी 1951 मध्ये त्याच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्याच्या सभेला जाण्यास मद्यपीची संमती लागत नाही, त्याने दारू सोडायला तयार असावे अशीही अट नाही. तो पिऊन घरी झोपला असला तरी पत्नी किंवा आई निघू शकते.