गोळी काढली का, डॉक्टर?

मानेत किंवा पाठीच्या वरच्या भागात गोळी लागलेला रुग्ण रुग्णालयात दाखल झाला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'गोळी काढली का?' गोळी निघाली म्हणजे संकट टळले, ही समजूत बहुधा सिनेमाने रुजवली.

वस्तुस्थिती निराळी आहे. मज्जारज्जूचे नुकसान गोळी शिरताना क्षणार्धात होऊन जाते. ती काढल्याने गेलेली शक्ती सहसा परत येत नाही. आत राहिलेली गोळी मज्जारज्जूवर दाब देऊन हातापायांची ताकद आणखी कमी करू लागली, किंवा तिचे शिसे रक्तात उतरू लागले, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार होतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात अनेक गोळ्या लागल्या. एक कण्यात रुतली ती रुतलीच, कमरेखालचे अंग लुळे पडले. याच पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले!

मग डॉक्टर आधी करतात काय? श्वास आणि रक्तस्राव पाहतात. श्वासपटलाच्या नसा मानेतूनच निघतात. तिथे इजा झाली तर रुग्ण बोलता बोलता दमतो. गोळीच्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, १०८ ला फोन करा आणि जळगाव किंवा धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. इथे मानेला पट्टा बांधत बसू नये, त्याखाली रक्तस्राव झाकला जातो. लिंबावरून किंवा मोटारसायकलवरून पडलेल्याचे मात्र वेगळे. आपल्याकडे असे रुग्ण कितीतरी अधिक. त्याची मान हलू न देता सपाट फळीवरूनच न्यावे. हातपाय धरून गाठोड्यासारखे उचलू नये.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. संवेदना नसल्याने अंगाखाली जखम होते, ती रुग्णाला कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी, रात्रीसुद्धा. दुसरी गोष्ट लघवीची. वरच्या कण्याला इजा झालेल्याचे डोके अचानक ठणकू लागले, चेहऱ्यावर घाम फुटला, तर नुसती डोकेदुखीची गोळी देऊन थांबू नका. मूत्राशय तुंबल्याने रक्तदाब झपाट्याने चढलेला असू शकतो व तो जिवावर बेततो. रुग्णाला उठवून बसवा, नळी पाहा, आराम पडला नाही तर लगेच दवाखान्यात न्या. एका घरी मला असेच घाईने बोलावले होते. नळी खाटेच्या पायाखाली दबली होती. ती मोकळी केली आणि काही मिनिटांतच गृहस्थांनी चहा मागितला.