गाडीचा एसी गॅस घेत नाही, मग पैसे कशाचे भरायचे?

बचत गटाच्या कर्जातून गाडी घेणाऱ्या बायका आता पुण्यात आणि आसपासच्या गावांतही दिसतात. कुणी शाळेची मुलं ने-आण करते, कुणी भाडं मारते. एप्रिल-मे मध्ये पुण्याचा पारा ४० च्या घरात गेला की एसी बंद असलेल्या गाडीत गिऱ्हाईक बसत नाही, आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. अशा वेळी गॅरेजमधून निरोप येतो, "ताई, गाडी गॅसच घेत नाही. कॉम्प्रेसर बदलावा लागेल." हा हजारोंचा खर्च. होकार देण्याआधी काय काय बघायचं, ते आज समजून घेऊ.

पहिली गोष्ट: एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. माठातलं पाणी झिरपून उडतं तेव्हा माठ थंड होतो ना? तसंच डॅशबोर्डमागच्या कुलिंग कॉईलमध्ये पातळ गॅसची वाफ होते आणि आतली उष्णता ओढून घेते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, समोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ती गार होऊन पुन्हा पातळ होते. म्हणून दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

आता गॅस आत का जात नाही? विहिरीवरची मोटर आठवा. पाइपात पाणी नसेल तर मोटर पाणी उचलत नाही, आधी पाणी भरून द्यावं लागतं. इथेही तसंच आहे. बहुतेक गाड्यांत गॅसचा दाब फार कमी झाला की एक स्विच कॉम्प्रेसरची वीज तोडतो. कॉम्प्रेसर फिरला नाही की गॅस ओढला जात नाही. म्हणजे "गॅस घेत नाही" याचा अर्थ कॉम्प्रेसर मेला, असा लगेच होत नाही.

म्हणून स्वस्तापासून महागाकडे जायचं.

एक, नळीचं तोंड व्हॉल्व्हवर नीट बसलंय का, आतली पिन दबते का, डबा रिकामा तर नाही?

दोन, एसी लावल्यावर कॉम्प्रेसरच्या पुढच्या क्लचचा 'टक' आवाज येतो का? येत नसेल तर आधी फ्यूज, रिले, प्रेशर स्विच आणि वायर तपासायची. फ्यूज-रिले नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सहज मिळतात.

तीन, कंडेन्सरचा पंखा फिरतो का? जाळीत चिखल-धूळ अडकली आहे का? पंखा बंद असला की दाब भलताच वाढतो, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि गॅस जायचा थांबतो.

चार, गेजवरचे दोन काटे बघायचे. कॉम्प्रेसर फिरत असताना निळा, म्हणजे कमी दाबाचा काटा साधारण २५ ते ४५ पीएसआय, आणि लाल काटा साधारण १५० ते २५० दाखवतो. हवा तापलेली असली की आकडे चढे राहतात. क्लच फिरतोय आणि तरी दोन्ही काटे जवळजवळ सारखेच, तर कॉम्प्रेसर दाब देत नाही, ही शंका खरी. निळा काटा शून्याच्याही खाली गेला, तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह किंवा नळी चोंदलेली असू शकते.

भरण्याची रीतही ठरलेली आहे. आधी साबणाच्या फेसाने किंवा चमकणाऱ्या रंगाने गळती शोधायची. सांध्यापाशी तेलाचा ओला डाग दिसला, तर तिथेच संशय. दुरुस्तीनंतर अर्धा तास व्हॅक्यूम करून हवा आणि ओल काढायची. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने मुंबईत ३० इंचाजवळ जाणारा काटा इथे २८ च्या आसपास थांबतो, तो दोष नाही. पंप बंद करून १५ मिनिटं काटा हलला नाही, तरच गॅस भरायचा. किती? बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिला असेल तितका, वजन करून. जास्त गॅसनेही एसी गार करत नाही.

घरी हा प्रयोग करू नका. डबा लाल बाजूला जोडला तर तो फुटू शकतो. पातळ गॅस डोळ्यात गेला तर इजा होते. घरगुती सिलिंडरचा गॅस तर मुळीच भरू देऊ नका, तो पेट घेतो. शिवाय आज बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए ओझोनला धोका देत नसला, तरी हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जड आहे. तो हवेत सोडू नये, मशिनने परत काढून घ्यावा.

मैत्रिणींनो, गॅरेजमध्ये तीनच प्रश्न विचारा: गळती कुठे सापडली? व्हॅक्यूम किती वेळ टिकला? किती ग्रॅम गॅस भरला? तिन्ही उत्तरं बिलावर लिहून घ्या. जुना पार्ट काढला असेल तर तो मागून घ्या. गटाच्या बैठकीत ते बिल सगळ्यांना दाखवा, म्हणजे पुढच्या ताईला गाडी नेताना काय विचारायचं, ते आधीच माहीत असेल.