मन रुतून बसले तर काय करावे?



मागच्या एका खरिपात शिवारफेरीला गेलो असता एका शेतकऱ्याच्या कपाशीत गुडघाभर गवत दिसले. "भाऊ, डवरणी का राहिली?" असे विचारले. तो म्हणाला, "साहेब, काय करायचं ते सारं ठाऊक आहे. पण सकाळी उठावंसंच वाटत नाही." माझ्याजवळचा सल्ला तेथे अपुरा पडला. म्हणून आज पिकाऐवजी मनाविषयी बोलू.

ओळखावे कसे?

नापिकी, कर्ज, घरातले दुःख यांनी माणूस खचतो, हे साहजिक आहे. परंतु दोन आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, "आपला काही उपयोग नाही" असे वाटते, तर तो आळस नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. तो नैराश्याचा आजार असू शकतो.

असे का होते?

मन खचले की माणूस काम टाळतो, पारावर जाणे सोडतो. काम राहिले की चिंता वाढते आणि मन आणखी खचते. चिखलात चाक जागीच फिरले की खड्डा खोलच होतो, तसे हे आहे.

समुपदेशक काय करतो?

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. समुपदेशक आधी तुमचे ऐकून घेतो. मग तुमच्याबरोबर बसून लहान लहान कामे ठरवितो : सकाळी दोन तास डवरणी, सायंकाळी देवळापर्यंत फेरी. पुढच्या भेटीत काय जमले, कोठे अडले, ते पाहतो. "मन बरं झालं की काम करू" अशी वाट न पाहता, थोड्या कामातूनच मनाला उभारी येते, हे यातले मर्म आहे.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर ही पद्धत वापरून पाहिली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. भेटी सहा ते आठ. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ जणांचे नैराश्य ओसरले होते; न मिळालेल्यांत शेकडा ३९.

समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, पाऊसही पडत नाही. पण सोसायटीत जाऊन बोलण्याचे बळ येते. काहींना औषधही लागते. ते डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यावे व मध्येच सोडू नये.

कोठे जावे?

१) प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. आशाताईंनाही विचारता येते.
२) टेली-मानस, दूरध्वनी १४४१६. ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. ती मोफत असून रात्रंदिवस चालते. मराठीतही बोलता येते.

घरच्यांनी काय करावे?

"हिंमत धर" एवढेच सांगून थांबू नका. जवळ बसा, ऐका, दवाखान्यात सोबत जा. माणूस मरणाची भाषा करू लागला तर थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, कीटकनाशके घरातून हलवून कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

तो शेतकरी पुढे तालुक्याच्या दवाखान्यात सहा वेळा जाऊन आला. कर्ज अजून आहे. पण पुढल्या खरिपात डवरणी वेळेवर झाली.