आईची रात्र फडात, लेकराची आजीजवळ

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावे ओस पडू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या ट्रॅक्टर-ट्रकांत संसार भरून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे जिल्ह्यांकडे आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मार्च-एप्रिलपर्यंत अनेक घरांत मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. या पाच-सहा महिन्यांत मुलांच्या प्रकृतीचा भार आजी-आजोबांवर असतो. तो नीट पेलायचा तर आधी आईची तिकडची रात्र समजून घेतली पाहिजे.

रात्रपाळी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रुग्णालयातील परिचारिका येते. तिच्या पाळीला निदान आरंभ आणि शेवट असतो. फडावरच्या बाईच्या रात्रीला असे वेळापत्रक नाही. पहाटे तीन-चारला उठून ती चूल पेटवते, दिवसभराच्या भाकरी थापते आणि उजाडण्यापूर्वी फडात पोहोचते. दिवसभर पाचट काढणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर वाहणे चालते. ऊस नेणारी गाडी रात्री ज्या वेळी येईल त्या वेळी उठून ती भरावी लागते. टायरगाडीवरच्या कुटुंबात नवरा ऊस घेऊन कारखान्यावर जातो, तिथल्या रांगेत त्याची रात्र जाते आणि बाई लेकरांसह कोपीत एकटी राहते. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्या जोडीने फेडायची असते. एक दिवस चुकला की खाडा पडतो. म्हणून लेकरू तापाने फणफणले तरी आईला थांबणे परवडत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ ने स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर बंधने घातली; परंतु ती कारखान्याच्या आवारापुरती राहिली, उसाच्या फडापर्यंत पोहोचली नाहीत.

या तुटक झोपेचा परिणाम आईपुरता थांबत नाही. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी असते. ती महिनोन् महिने न मिळाल्यास थकवा, चिडचिड, उदासी वाढते, जखमा व आजार लवकर बरे होत नाहीत. बाळ अंगावर पीत असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. म्हणून रात्रीचे पाजणे बंद पडले की दूधही कमी होऊ लागते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, हा नियम कोपीतही तितकाच खरा आहे. तान्ह्या बाळाबरोबर आजी फडावर गेली असेल, तर आई गाडी भरायला जाण्याआधी आणि परतल्यावर लगेच बाळाला तिच्याजवळ द्यावे. बाळ सांभाळायला घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीला नेण्याची रीत आहे. त्यात त्या मुलीची शाळा सुटते, आणि चूल, उघडी विहीर, मागे येणारा ट्रॅक्टर यांपासून बाळाला वाचवण्याची जबाबदारी दुसऱ्या लेकरावरच येऊन पडते. शक्य असेल तर तिला गावीच ठेवावे.

गावी राहिलेल्या मुलांचे पहिले औषध म्हणजे ठरलेल्या वेळेची झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाच्या डुलकीसह दहा ते तेरा तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास आणि त्यापुढील वयात आठ ते दहा तास झोप लागते. येथे एक अडचण नेहमी येते. आईला फोन करायला सवड मिळते ती गाडी भरून झाल्यावर, रात्री दहा-अकराला; आणि तिचा आवाज ऐकल्याशिवाय मूल डोळे मिटत नाही. दुसऱ्या दिवशी ते शाळेत पेंगते. मुलाला रागावून यावर उपाय होत नाही. आईशी बोलून दुपारच्या भाकरीची वेळ किंवा फडातून कोपीवर परतण्याची वेळ फोनसाठी ठरवावी. एखाद्या दिवशी फोन आला नाही, तर गाडी आली असेल, उद्या येईल, असे मुलाला आधीच सांगून ठेवावे. झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल बाजूला ठेवावा.

दुसरी गोष्ट आहाराची. वयोमानाने आपली भूक मंदावते, मग एक वेळचा स्वयंपाक दोन वेळा पुरवला जातो. वाढत्या मुलाला ते पुरत नाही. बाजरी-ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, तीळ, पालेभाजी आणि चालत असेल तर अंडे रोज पोटात जावे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी अनेक गावांत शाळेमार्फत हंगामी वसतिगृह चालते. त्यासाठी मुलाचे नाव वेळेवर नोंदवावे. राज्य शासनाची संत भगवान बाबा शासकीय वसतिगृह योजनाही याच मुलांसाठी आहे. शिधापत्रिकेवरचे धान्य आता देशात कोठेही घेता येते, त्यामुळे फडावर आणि गावी वाटून धान्य कसे उचलायचे हे कुटुंबाने निघण्यापूर्वी ठरवावे.

तिसरी गोष्ट लसीकरणाची. नऊ ते बारा महिन्यांची गोवर-रुबेलाची मात्रा, सोळा ते चोवीस महिन्यांची दुसरी मात्रा आणि पाच-सहा वर्षांची वर्धक मात्रा यांची तारीख अनेकदा हंगामातच येते आणि राहून जाते. माता-बाल संरक्षण कार्ड जिथे मूल असेल तिथेच ठेवावे. मूल फडावर असेल तर तिथल्या जवळच्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात हेच कार्ड दाखवून लस घेता येते.

थंडीच्या दिवसांत खोकला आणि जुलाब हे दोन शत्रू विशेष. मूल शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक असेल, छाती आत ओढली जात असेल, मूल पीत-खात नसेल किंवा सारखे गुंगीत असेल, तर आई-वडिलांच्या फोनची वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. जुलाबात जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणात स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजावे आणि आशाताईंकडून चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या घ्याव्यात. अशा वेळी नातवाला घेऊन कोणी जायचे, हे शेजारच्या एका विश्वासू माणसाशी आधीच बोलून ठेवावे.

सांभाळणाऱ्याची प्रकृती हीही मुलाच्याच प्रकृतीची बाजू आहे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या संपल्या आणि आजी आजारी पडली, तर त्या घरात मुलाला पाहणारे कोणी उरत नाही. महिन्याची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातून वेळेवर आणावीत, दुपारी मुले शाळेत असताना थोडे पडावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

हंगाम संपवून सून किंवा लेक परत आली की तिच्या हाती लगेच सारे घर देऊ नये. तिला आठ-पंधरा दिवस पुरती झोप मिळू द्यावी, रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, अंगावरून पाणी जाणे किंवा लघवीची जळजळ असल्यास लाज न बाळगता उपचार करावेत. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, अंगावर काढलेले दुखणे वाढते, आणि मग शस्त्रक्रियाच सोपी वाटू लागते. असा सल्ला मिळाल्यास शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. घरातील वडीलधाऱ्यांच्या शब्दाला अशा वेळी मोठे वजन असते.

फडावर पाळणाघर, स्वच्छतागृह आणि गाडी भरण्याची ठरलेली वेळ या गोष्टी कारखाने आणि शासन यांच्याकडूनच यायला हव्यात. आजीच्या मायेने त्यांची उणीव भरून निघणार नाही. ग्रामसभेत ही मागणी मांडायला हंगामात गावात जे असतात, ते बहुधा ज्येष्ठच असतात. पुढच्या दसऱ्यापूर्वी जी ग्रामसभा होईल, तिच्यात त्यांनी ती मांडावी.