‘समोरची गाडी दिसते’ एवढ्यावर भागत नाही

भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावात मुलगी सायकल घेऊन शाळेला निघाली की घरातून एक सूचना हमखास मिळते : ‘उजव्या बाजूनं जा गं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसंल. मागून कोण येतंय ते आपल्याला कुठं कळतंय?’ ही सूचना देणारे आजोबा, मामा, कधी कधी शिक्षकसुद्धा मनापासून काळजीने बोलत असतात. म्हणून तर ती एवढी घट्ट बसली आहे आणि पुन्हा पुन्हा कानावर आली की चीड येते. कारण काळजीपोटी दिलेला हा सल्ला मुलांना रस्त्यावरच्या सगळ्यांत धोक्याच्या जागी नेऊन सोडतो. मानव विकास कार्यक्रमातून जालन्यासारख्या जिल्ह्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या आणि वाडी-वस्तीवरच्या कित्येक मुलींची शाळा त्यामुळे सुटली नाही. ही फार मोलाची गोष्ट आहे. पण सायकल हातात देताना ती कोणत्या बाजूने चालवायची हे त्यांना कोणीतरी बरोबर सांगायला हवे. सायकल डाव्या बाजूनेच चालवायची, गाड्या ज्या दिशेने जात आहेत त्याच दिशेने. याला घाटातही सूट नाही आणि गल्लीतही नाही.

हा गैरसमज आला कुठून, ते आधी पाहू. पायी चालणाऱ्याने, पदपथ नसेल तर, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उजव्या कडेने चालावे हा सल्ला बरोबर आहे. तोच उचलून सायकलीला लावला गेला आणि घोटाळा झाला. पायी माणूस तासाला चार-पाच किलोमीटर वेगाने चालतो. गाडी अंगावर येते असे वाटले की एक पाऊल बाजूला टाकून तो क्षणात रस्त्याबाहेर होतो. सायकलीला असे बाजूला सरकता येत नाही. तिला वळायचे तर पुढे जातच वळावे लागते, म्हणजे ज्या गाडीला चुकवायचे तिच्याकडे आणखी काही फूट जावे लागते. शिवाय तिचा वेग पायी माणसाच्या तिप्पट. रस्त्यांवरील वाहतुकीविषयीचा १९६८ चा व्हिएन्ना करार भारताने १९८० साली स्वीकारला. त्यात हा फरक स्पष्ट केलेला आहे. पायी चालणाऱ्याने वाहतुकीच्या उलट बाजूने चालावे, पण जो सायकल नुसती हाताने ढकलत नेतो आहे त्यानेही वाहतुकीच्या बाजूनेच राहावे, असे तो करार सांगतो. मिरवणुकीने, रांगेने चालणाऱ्या समूहालाही तोच नियम आहे. अंगारकीला राजूरच्या गणपतीकडे रात्रीतून निघणाऱ्या पायी दिंड्यांनी हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. सायकल ढकलणाऱ्यालाही जिथे उजवी बाजू नाही, तिथे पायडल मारणाऱ्याला ती कशी असेल?

आता ‘समोरची गाडी दिसते’ या मुद्द्याकडे येऊ. दिसते हे खरे. पण दिसल्यावर हातात किती वेळ उरतो? गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर आणि सायकलीचा १५ धरा. दोघे एकाच दिशेने जात असतील तर गाडी सायकलीच्या जवळ ३५ च्या वेगाने येते. समोरासमोर असतील तर ६५ च्या वेगाने. दोघांत ६० मीटर अंतर असताना चालकाचे लक्ष गेले, तर पहिल्या वेळी सहा सेकंद मिळतात, दुसऱ्या वेळी जेमतेम सव्वातीन. त्याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. मागून येणाऱ्या चालकाला गाडी थांबवावीच लागत नाही. समोरून ट्रक येत असेल आणि बाजूने काढायला जागा नसेल, तर वेग १५ वर आणून तो सायकलीच्या मागे चालत राहू शकतो, जागा मिळाली की पुढे जातो. समोरासमोर आल्यावर ही सोयच उरत नाही. कोणीतरी पूर्ण थांबले पाहिजे किंवा रस्ता सोडला पाहिजे. चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला दीड सेकंद लागतो असे धरले आणि ब्रेक बऱ्यापैकी चांगले असले, तर मागून येणाऱ्याला साधारण २४ मीटर अंतर पुरते. समोरासमोर, सायकल तशीच पुढे येत राहिली, तर ५८ मीटर लागतात. दोघांनीही ब्रेक लावले तरी पन्नासच्या आसपास. आणि सगळे चुकून धडक बसलीच, तर ६५ च्या धडकेची ताकद ३५ च्या धडकेच्या जवळजवळ साडेतीनपट असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. हे गणित नववीच्या पुस्तकातले आहे. त्यात मत असण्यासारखे काही नाही.

पण अपघात फक्त सरळ रस्त्यावरच होत नाहीत. ते फाट्यावरही होतात, गल्लीच्या तोंडाशी होतात, पेट्रोलपंपाच्या आणि बसस्थानकाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर होतात. गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा दुचाकीस्वार काय करतो ते नीट बघावे. पुढचे चाक रस्त्यावर काढतो, मान उजवीकडे वळवतो, कारण त्याच्या बाजूच्या पट्ट्यातली सगळी वाहतूक उजवीकडूनच येते. उजवीकडे मोकळे दिसले की तो निघतो, आणि निघतानाही त्याची नजर बऱ्याचदा उजवीकडेच असते. राँग साइडने येणारी सायकल त्याच्या डावीकडून येते. तो बघत नाही म्हणून तो वाईट चालक ठरत नाही. जिथून काही यायलाच नको, तिकडे माणसाची नजर जात नाही. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी हेलसिंकीतल्या सिग्नल नसलेल्या चौकांत लपवलेल्या कॅमेऱ्यांनी वळणाऱ्या चालकांच्या माना टिपल्या आणि हेच आढळले. तिकडे वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून बाजू उलटी. वळणारे चालक ज्या दिशेने गाडी येणे शक्य आहे तिकडेच बघत होते, आणि दुसऱ्या बाजूने येणारा सायकलस्वार त्यांच्या नजरेतून सुटत होता. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहरात १९८५ ते १९८९ या वर्षांत पोलिसांकडे नोंदलेल्या, सायकल आणि मोटारींच्या चौकांतल्या अपघातांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहतुकीच्या उलट दिशेने चालवणाऱ्या सायकलस्वारांचा धोका बरोबर दिशेने चालवणाऱ्यांच्या ३.६ पट निघाला. ‘ते अमेरिकेतलं, इथं भोकरदनला काय लागू?’ असे कोणी म्हणेल. मान वळवण्याची सवय सगळीकडे सारखीच आहे. आपल्याकडे तर सिल्लोड रस्ता असो की जाफराबाद रस्ता, शंभर-दोनशे पावलांवर एक गल्ली, एक शेतरस्ता, एक दुकानाचा उतार येतो, आणि अशा प्रत्येक तोंडाशी हा धोका नव्याने उभा राहतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. लोक म्हणतात, मागून ठोकून माणसे मरतात हे आम्ही डोळ्यांनी बघतो. खरे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि सायकलस्वार सुमारे ४,८००. धडकेच्या प्रकारांत ‘मागून धडक’ हाच प्रकार सगळ्यांत वर आहे. त्या आकड्यात मोटारीने मोटारीला दिलेल्या धडकाही आहेत, पण तेवढ्याने आक्षेप संपत नाही. गावाबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्यावर मागून बसलेली धडक जीवघेणी असते. प्रश्न एवढाच की उपाय कोणता. मागून येणारा चालक सायकलीला का ठोकतो? बहुतेक वेळा ती त्याला दिसत नाही, किंवा फार उशिरा दिसते. मग ती दिसेल असे करायला हवे. बाजू बदलून ती जास्त दिसत नाही. राँग साइडने येणाऱ्या सायकलीचा मागचा लाल रिफ्लेक्टर गाडीकडे पाठ करून असतो, म्हणजे त्याचा काहीच उपयोग उरत नाही.

हा रिफ्लेक्टर जवळून बघण्यासारखा आहे. लाल प्लॅस्टिकच्या आत बारीक बारीक कोपऱ्यांची जाळी असते. प्रकाश थोडा तिरका पडला तरी ती जाळी त्याला आला त्याच वाटेने परत पाठवते, म्हणून हेडलाइटचा उजेड थेट चालकाच्या डोळ्यांत परततो. दोन्ही पायडलांना लावलेल्या छोट्या पिवळ्या पट्ट्या तर आणखी गुणाच्या. त्या वर-खाली होत राहतात आणि पुढे माणूस सायकल चालवतो आहे, हे चालकाला दुरूनच कळते. २०२० मध्ये केंद्र सरकारने सायकलींचे रिफ्लेक्टर भारतीय मानकाप्रमाणेच असावेत असा आदेश काढला. पण नव्या सायकलीवरची पट्टी चिखलाने माखते, मागच्या मडगार्डवरचा रिफ्लेक्टर पहिल्याच पडझडीत फुटतो, आणि तो पुन्हा कोणी बसवत नाही. किरकोळ पैशांत मिळणारी ही वस्तू बदलणे, ओल्या फडक्याने आठवड्यातून एकदा पुसणे आणि अंधार पडल्यावर मागे लाल दिवा लावणे हे मागून बसणाऱ्या धडकेवरचे खरे उत्तर आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या दिव्याविना रस्त्यावर धावतात. त्यांनाही हेच लागू आहे, आणि त्यांना तर जास्तच.

कायद्याविषयीही घोळ आहे. सायकलीला लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही, म्हणून तिला नियमही नाहीत असे सर्रास समजले जाते. मोटार वाहन कायद्यात सायकल ‘मोटार वाहन’ नाही हे बरोबर. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत सायकलीचे नाव आहे, आणि त्याच कायद्याचे कलम ९९ सांगते की खरीच अडचण नसेल तर वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूनेच ठेवावे आणि पुढच्या वाहनाला त्याच्या उजवीकडून ओलांडावे. बॅटरीच्या सायकलीबद्दलही असाच घोळ आहे : मोटार २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती मोटार वाहनांतून वगळली जाते, बाजारात ‘लायसन्स लागत नाही’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी नव्हे.

‘सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत, त्यांनी बाजूला व्हावं’ हे वाक्य मोटारवाल्यांच्या तोंडी फार असते. मोटार वाहन कर वाहनावर असतो, रस्त्याच्या मालकीवर नसतो. गावातले रस्ते नगरपरिषदेच्या आणि शासनाच्या पैशातून होतात, आणि घरपट्टी सायकलवालाही भरतो. हॉर्न वाजवला म्हणजे आपली जबाबदारी संपली, हाही गैरसमजच. २०१७ च्या वाहन चालविण्याच्या केंद्रीय नियमावलीत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घेणे हे चालकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ओलांडताना हातभर अंतर पुरते असेही नाही. जर्मनीत २०२० पासून गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सक्तीचे आहे, कारण ट्रक वेगाने गेला की हवेच्या झोतानेच सायकल हेलकावते. आणि हेल्मेट घातले की काही होत नाही, हेही खरे नाही. सायकलच्या हेल्मेटची युरोपातली चाचणी ताशी साधारण २० किलोमीटरच्या आदळण्याची असते. ते पडल्यावर डोके वाचवते म्हणून घालावेच, पण धडक टाळण्याचे काम त्याचे नाही.

डावी बाजू म्हणजे डांबराची अगदी कड, ही समजूत मात्र दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, कारण चांगले चालवणारेही ती धरून बसतात. आपल्या रस्त्यांची कड पाहा. सिमेंटचा रस्ता संपतो तिथे चार-सहा बोटांचा खड्डा, साइडपट्टी खचलेली, कडेला वाळू, मक्याची कणसे, पाऊस झाला असेल तर चिखल. चाक त्या कडेवरून घसरले की सायकल खाली जात नाही, आडवी पडते, आणि पडते ती रस्त्याच्या बाजूला. शिवाय कडेला चिकटलेल्या सायकलीशेजारून गाडी आहे त्याच पट्ट्यातून काढता येईल असे चालकाला वाटते, आणि तो अंतर न ठेवता कट मारून जातो. कडेपासून दोन-तीन फूट आत, सरळ रेषेत, मध्येच आत-बाहेर न करता चालवणे हे सुरक्षित आहे. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळ तर दरवाजा उघडला तरी लागणार नाही एवढे अंतर सोडावे. कोणी मागून हॉर्न वाजवला म्हणून खड्ड्यात उतरायचे कारण नाही. जागा झाली की त्याला जाऊ द्यावे, एवढे पुरे.

शेवटचा आक्षेप खरा तर सोयीचा आहे, आणि राँग साइडची बरीचशी वाहतूक त्यातूनच होते : शाळा रस्त्याच्या उजव्या अंगाला आहे, मध्ये दुभाजक आहे, वळायची जागा लांब आहे, मग दोनशे पावले उलटे गेले तर काय बिघडले? दुभाजकात शाळेजवळ ओलांडायला जागा नसेल तर ती मागणी नगरपरिषदेकडे आणि बांधकाम विभागाकडे लेखी करायला हवी. तो पालकांचा हक्क आहे आणि त्यासाठी मुलांनी जीव धोक्यात घालायचा नसतो. तोवर उजवीकडे जाण्याची रीत अशी. डाव्या कडेनेच वळणाच्या जागेपर्यंत जायचे. मागे बघून उजवा हात पूर्ण लांब करायचा आणि रस्ता मोकळा असेल तरच मधोमध यायचे. रहदारी जास्त असेल तर वळायचा प्रयत्नच करायचा नाही. डावीकडे थांबून, सायकलवरून उतरून, आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघत ती हाताने ढकलत रस्ता ओलांडायचा. पलीकडे गेल्यावर शाळा अजून पुढेच असेल तर त्या दोनशे पावलांसाठी पुन्हा सायकलवर बसायचे नाही. रस्ता सोडून, साइडपट्टीच्याही पलीकडून, सायकल ढकलत शाळेच्या दारापर्यंत चालत जायचे. याला तीन-चार मिनिटे जास्त लागतात, तेवढी घरातून लवकर निघावीत.