पायांकडून हृदयाकडे : रक्ताची चढण

विरार ते चर्चगेट हे ६० किलोमीटरचे अंतर आपल्या भागातील असंख्य नोकरदार रोज उभ्यानेच कापतात. कारखान्यांतील कामगार, दुकानांत काम करणाऱ्या मुली आणि वर्गावर शिकवणारे शिक्षक यांचाही दिवस उभ्यानेच सरतो. संध्याकाळी घोटे सुजतात, पोटऱ्या ठणकतात. त्याचे कारण आपल्या शरीररचनेत आहे.

हृदयाकडून निघालेले रक्त रोहिण्यांतून पायांत सहज उतरते. परतीची वाट मात्र चढणीची असते. ही वाट नीलांची, म्हणजेच शिरांची. त्वचेखालील दोन प्रमुख नीला घोट्याजवळून निघतात. आतल्या बाजूची नीला, जी शरीरात सर्वांत लांब, ती जांघेपर्यंत जाते. बाहेरच्या बाजूची गुडघ्यामागे खोल नीलेस मिळते. स्नायूंमधील ही खोल नीला मांडीतून ओटीपोटात शिरते. तेथील अवयवांचे रक्त आणणारी नीला तिला येऊन मिळते. कमरेच्या पाचव्या मणक्यापाशी डावा व उजवा प्रवाह एकत्र येऊन अधोमहानीला बनते आणि ती रक्त हृदयात पोहोचवते. डाव्या प्रवाहावरून उजवी रोहिणी जाते. तिच्या दाबामुळे खोल नीलेतील रक्ताची गुठळी डाव्या पायात अधिक आढळते.

ही चढण रक्त चढते कसे? चालताना पोटरीचे स्नायू नीलांना पिळतात आणि नीलांतील झडपा रक्त मागे येऊ देत नाहीत. पाडुआ येथील फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये या झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. परंतु रक्ताचा खालचा ओघ आवरणे एवढेच त्यांचे कार्य, असे त्यांना वाटले. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी दंड बांधून, नीलेवर बोट दाबून पाहिले आणि नीलांतील रक्त हृदयाकडेच वाहते, हे १६२८ च्या ग्रंथात दाखवून दिले. गुरूच्या शब्दापेक्षा प्रयोगाचा कौल त्यांनी मोठा मानला.

तासन्‌तास निश्चल उभे राहिल्यास रक्त पायांत साचते. कालांतराने झडपा निकामी होऊन नीला फुगू शकतात. अनुवंश व गरोदरपण यांचीही त्यात भर पडते. म्हणून अधूनमधून चालावे, टाचा उचलाव्यात, विश्रांती घेताना पाय उंचावर ठेवावेत. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा एकाएकी धाप लागली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

केरळने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क दिला. नीलांचे कार्य ज्याला समजले, तो श्रमिकासाठी ठेवलेल्या साध्या स्टुलाला मेहरबानी म्हणणार नाही.