खाडीकाठची बांधकामे आणि भरतीची रेषा

कोकणपट्टीत ज्यांची जमीन समुद्राच्या अथवा खाडीच्या काठी आहे, त्यांच्या दारी अलीकडे खरेदीदारांची ये-जा फार वाढली आहे. अलिबाग, मुरूड, दापोली, गुहागर या बाजूची जी वरकस जमीन पूर्वी गवतावर पडून असे, तिला आता समुद्राच्या देखाव्याचे मोल आले आहे. मोल येणे वाईट नव्हे. परंतु जमीन विकणारा, तिच्या शेजारी भात लावणारा आणि ग्रामपंचायतीत बसून बांधकामाच्या अर्जावर मत देणारा, हे तिघेही बहुधा शेतकरीच असतात, आणि तिघांसही ज्या नियमांशी गाठ पडते ते नियम वाचलेला इसम गावात क्वचितच सापडतो. सबब महसुली कामाच्या अनुभवास धरून त्यांची हकीकत येथे देण्याचे योजिले आहे.

१९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवण्यास सुचविले. पुढे पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. तिची जागा ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने घेतली व त्यानंतर १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना आली. ही शेवटची अधिसूचना त्या त्या भागाचा किनारा आराखडा तिला अनुसरून सुधारून मंजूर झाल्यावरच लागू होते. तोपर्यंत २०११ ची चालते. म्हणून कोणताही अर्ज पुढे आला की आपल्या गावास कोणता आराखडा लागू आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा. दलाल मंडळी दोहोंपैकी जी अधिसूचना सोयीची तीच सांगतात.

मोजणीचा आरंभ भरतीच्या रेषेपासून होतो. उधाणाचे पाणी जमिनीवर जेथपर्यंत चढते ती ही रेषा. समुद्राच्या बाजूस तेथून ५०० मीटर जमीन नियमनाखाली येते. खाडीकाठी २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे १०० मीटर अथवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी ते, आणि २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ५० मीटर अथवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी ते धरावयाचे. खाडी कोठपर्यंत मानावी, याचेही माप ठरलेले आहे. वर्षातील अत्यंत कोरड्या दिवसांत पाण्याच्या हजार भागांत मिठाचे पाच भाग जेथपर्यंत आढळतात, तेथपर्यंत खाडी. खेड्यांत समुद्राकडील पहिले २०० मीटर, म्हणजे सुमारे साडेसहाशे फूट, नव्या बांधकामास बंद आहेत. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांपुरती, म्हणजे २०११ च्या शिरगणतीप्रमाणे दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक माणसे असतील तेथे, ही मर्यादा ५० मीटरवर आणली आहे. या बंद पट्ट्यात शेती, बागायत, कुरण व मिठागर यांस मनाई नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. कायदा आपल्या नांगरास अडवीत नाही.

आता खारजमिनीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण आपले नुकसान येथेच अधिक संभवते. खाडीस बांध घालून व उघाडी बसवून भाताखाली आणलेली खार कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. अशा जमिनीसंबंधी २०१९ च्या अधिसूचनेत एक कलम आहे. बांध अथवा उघाडी १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीची असेल, तर भरतीची रेषा त्या बांधापाशीच थांबते आणि आतील शेत रेषेच्या अलीकडे राहते. येथवर सर्व ठीक. परंतु त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की, बांधाच्या आत खारे पाणी शिरून तिवर उगवले, तर तेवढी जागा, तिचे क्षेत्र कितीही लहान असो, अत्यंत संरक्षित वर्गात जाते व तेथे कोणतेही विकासकाम करता येत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा. उधाणात बांधास खांड पडली आणि ती दोन-चार पावसाळे तशीच राहिली, की शेतात तिवरे उभी राहतात. सातबारावर नाव आपले, आकारही आपल्याच नावे. परंतु तिवर तोडता येत नाही आणि नांगर घालता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवनाचा नाश करण्यास मनाई केली आहे. तिवरांशी आपले वैर नसावे. बांधाबाहेरील तिवर लाटेचा जोर मोडते, आणि ज्यांनी ते सरपणासाठी तोडले त्यांचे बांध आधी वाहून गेले, हे खारपट्टीत सर्वश्रुत आहे. तथापि खांड वेळेवर न बुजण्याचा दंड एकट्या कुळाने किंवा मालकाने का सोसावा, हे प्रस्तुत लेखकास पटत नाही. खांड पडताच पंचनामा करून घ्यावा, खारभूमी विकासाच्या कचेरीत अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि बांध १९९१ पूर्वीचा असल्याचे जुने नकाशे व योजनेचे कागद यांच्या नकला आताच काढून ठेवाव्यात. कागद मागण्याची वेळ येते तेव्हा तो शोधण्यास वेळ उरत नाही.

शेजारी होणाऱ्या बांधकामाचा उपद्रव मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट भरावाची. ओहोटीस उघाडीवाटे पावसाचे पाणी बाहेर जावयाचे, तर तेथवर येणारा नाला मोकळा पाहिजे. त्यावर माती पडली की पाणी शेतात तुंबते व आवण कुजते. दुसरी वाट विहिरीची. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर ते एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट असते, असा शास्त्राचा अंदाज आहे. अर्थात् पाण्याची पातळी एक फूट उतरली की खालून खारे पाणी चाळीस फूट वर येऊ पाहते. पोहण्याचे तलाव व हिरवळ यांसाठी पंप लावून उपसा झाला, तर शेजारच्या नारळी-पोफळीच्या वाडीस कोणते पाणी मिळेल? यासाठीच २०० मीटरच्या आत स्थानिक रहिवाशांच्या स्वतःच्या वापराखेरीज भूजलाचा उपसा मना आहे. तेथून ५०० मीटरपर्यंतही, दुसरी सोय नसेल तेथेच, पिण्यास, शेतीस, बागायतीस व मासेमारीस साध्या विहिरीतून हाताने पाणी काढण्याची मुभा आहे.

परवानगीची तपासणी कोण करतो? २०१९ च्या नियमांप्रमाणे ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घरास स्थानिक संस्थाच मंजुरी देते; मात्र प्रस्ताव अधिसूचनेशी ताडून पाहणे तिच्यावर बंधनकारक आहे. मोठ्या बांधकामास महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागते, आणि कांदळवनासारख्या संरक्षित जागेचा प्रश्न दिल्लीच्या मंत्रालयाकडे जातो. "स्वतःचे राहते घर" या शब्दांवर बारकाईने नजर ठेवावी. एका सर्व्हे नंबराचे वीस तुकडे पाडून प्रत्येकावर एकेक "राहते घर" दाखविले असेल, तर कागदावर वीस कुटुंबे व जागेवर एक विश्रामगृह, असा प्रकार असू शकतो. याउलट गावकऱ्याने आपल्या जुन्या घरात, जोते व दर्शनी भाग न बदलता, पाहुणे ठेवण्यास २०१९ च्या अधिसूचनेत मुभा आहे. ती आपल्या मंडळींनी अवश्य घ्यावी.

स्थानिक संस्थेची तपासणी ढिली झाली म्हणजे काय होते, हे केरळातील मरडू येथे दिसले. तेथील पंचायतीने २००६ साली खाडीकाठच्या उंच इमारतींस किनारा प्राधिकरणास न विचारता परवाने दिले. पुढे नोटिसा गेल्या, बांधणाऱ्यांनी न्यायालयातून स्थगिती आणली, इमारती पुऱ्या झाल्या, लोक राहावयास आले. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम दिला व ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी चार संकुले सुरुंगाने जमीनदोस्त झाली. घर घेणाऱ्यांस प्रत्येकी २५ लाख रुपये तात्पुरती भरपाई आधी सरकारने द्यावी, असे न्यायालयाने ठरविले. आपल्याकडेही किहीमच्या किनाऱ्यावरील एका हिरेव्यापाऱ्याचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी असाच उडविण्यात आला. पंचायतीचा शिक्का कोणासही तारीत नाही, त्यावर विसंबून पैसे घालणारास तर मुळीच नाही.

अर्ज ग्रामपंचायतीपुढे आला, तर १ः४००० प्रमाणाचा, सर्व्हे नंबर दाखविणारा किनारा नकाशा मागावा आणि तो गावनकाशाशेजारी ठेवून वाचावा. नंतर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणास पाच-सात जाणत्या माणसांनी जागेवर जाऊन पाणी कोठवर येते ते पाहावे. नाला, उघाडी, बांध आणि कोळ्यांची समुद्राकडे जाण्याची वहिवाट नकाशात दाखविली आहे की वगळली आहे, हे तपासावे. कागद मिळत नसल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. हरकत लेखी द्यावी व ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. तोंडी हरकत इतिवृत्तात नसते, आणि जे इतिवृत्तात नाही ते वरच्या कचेरीस झालेलेच नसते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीवर मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजांचे निदान तीन प्रतिनिधी असावेत, असा नियम आहे. त्यांची नावे मिळवून हरकतीची प्रत त्यांसही द्यावी. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठाकडे अपील करता येते. मुदत ३० दिवसांची आहे, ती पंचायतीच्या पुढील बैठकीची वाट पाहण्यात घालवू नये.

आणि ज्यांस जमीन विकावयाचीच आहे, त्यांनी खरेदीदार शेतकरी आहे किंवा त्याने आवश्यक परवानगी घेतली आहे, याची खात्री कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे करून घ्यावी. विसार घेण्यापूर्वी नकाशातील भरतीची रेषा खरेदीदारास दाखवून, ती पाहिल्याचे करारनाम्यात लिहून घ्यावे.